फोटोपुरती गोष्ट

"उत्कर्षा, तुला कॉम्प्युटर येतो हे या शाळेत कुणाला कळू देऊ नकोस गं," शेजारच्या वर्गाच्या विजयमालाबाईंनी आमच्या नव्या बाईंना बजावलं होतं. बाई हसल्या. "अहो, त्यात काय लपवायचं?"

मित्रांनो, तेव्हा मी नुकती शिवून झाले होते. आता मी एक जुनी हातबाहुली आहे, पुण्यातल्या एका प्राथमिक शाळेतल्या पहिलीच्या वर्गाची. बाईंनी मला निळ्या मोज्यापासून केलं, बटणांचे डोळे लावले आणि नाव ठेवलं ठमाबाई. शुक्रवारी शेवटच्या तासाला बाईंचा हात माझ्यात शिरायचा आणि मी गोष्ट सांगायचे. आवाज अर्थात बाईंचाच. राजनंदिनी वर्गात कुणाशी चकार शब्द बोलायची नाही. पण मला एकदा तिनं पडलेला दात दाखवला. त्या दिवशी बाई गुणगुणत घरी गेल्या.

मग बाईंना कॉम्प्युटर येतो हे मुख्याध्यापकांना कळलं. पोषण आहाराची माहिती भरा, रोपांचे फोटो चढवा, सगळं आजच्या आज! "तुम्हाला काय बाई, दोन मिनिटांचं काम," म्हणत इतरांचंही काम बाईंकडे सरकलं. बाईंचा डबा न उघडता परत जाऊ लागला. वर्गातल्या कपाटाच्या फटीतून मी बघत राहायचे.

परवाच्या शुक्रवारी शिक्षण खात्याकडून गोष्टीच्या तासाचा फोटो मागवला गेला. बाईंनी घाईघाईनं मला हातावर चढवलं. "मुलांनो, गोष्ट ऐकताय असे चेहरे करा बरं!" फोटो निघाला.

"बाई, गोष्ट?" राजनंदिनीनं विचारलं.

"नंतर हं, राणी."

काल फोटोचं कौतुक आलं. विजयमालाबाई म्हणाल्या, "वा! आता पेढे काढ."

"कसले पेढे? मी गोष्ट सांगितलीच नाही हो. आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. तेच मनातून जात नाहीये." बाईंचा आवाज अगदी सपाट होता. "सर म्हणतात, वर्ग सोडा, कायमच्या ऑफिसात या. सोमवारी सांगते म्हटलंय."

आज रविवार. कपाटाला कुलूप आहे. मित्रांनो, माझी धूळ कुणीही झटकेल हो, माझं सोडा. बाई खडकी स्टेशनजवळ राहतात, एकट्याच. तुमच्यापैकी कुणी तिकडचं असेल, तर आईला घेऊन संध्याकाळी जाऊन या ना. उपदेश नको, फुलं नकोत. त्या "मी मजेत आहे" म्हणतील. लगेच उठू नका. जरा वेळ बसा त्यांच्यापाशी, आणि खरंच बऱ्या आहेत का, तेवढं बघा.