मधल्या स्टंपच्या कानावर पडलेलं

मी एक जुना स्टंप आहे. वर्तमानपत्रवाले मला यष्टी म्हणतात आणि भागीबाई काठी म्हणतात. मित्रांनो, सध्या माझ्या गळ्यात बकरीचं दावं आहे आणि मी सुखात आहे. पेठच्या डोंगरात, भागीबाईंच्या अंगणात मला ठोकलेलं आहे. बकरी दिवसभर ओरडते, पण पाला हवा असेल तर पाल्यासाठीच ओरडते. शेजारच्या बकरीच्या आईचा उद्धार करत नाही. ज्या माणसांत मी उमेदीची वर्षं काढली, त्यांच्याबद्दल मला एवढंसुद्धा चांगलं बोलता येत नाही.

माझा जन्म मेरठच्या एका कारखान्यात झाला. तिथे आम्हा तिघा भावांना तासलं, घासलं, चकचकीत केलं. मी मधला. म्हणून माझंच पोट कोरलं आणि त्यात छोटा माईक आणि बॅटरी बसवली. चेंडू बॅटच्या कडेला लागला की नाही, ते टीव्हीवर ऐकू यावं, एवढंच माझं काम होतं. किती सभ्य काम! मला फार अभिमान वाटला.

मग मी नाशिकला आलो. इथल्या लीगच्या पहिल्या दिवशी मैदानावर आमची पूजा झाली. हळदकुंकू लागलं, फुलं वाहिली. इंदिरानगरचा ज्ञानेश, एका संघाचा विकेटकीपर, त्याने स्वतः नारळ फोडला आणि डोळे मिटून मला हात जोडले. मैदानाची माती बघणारे सहादूबाबा शेजारी उभे होते. मला वाटलं, भल्या घरात पडलो.

तासाभरात माझे कान किटले. मित्रांनो, तुम्ही लहान आहात, म्हणून ज्ञानेश काय बोलला ते सगळं मी सांगणार नाही. मोठे असतात तरी सांगितलं नसतं. ज्या तोंडाने मंत्र पुटपुटला त्याच तोंडाने माणूस एका तासात इतका खाली उतरतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

खरं सांगायचं तर त्याला संघात घेतलं होतं तेच तोंडासाठी. हात तसे बेताचेच होते. "ज्ञानेश मागे असला की वातावरण तयार होतं," असं त्यांचा कोच कौतुकाने सांगायचा. वातावरण! गटार तुंबलं की तेही तयार होतं. आणि याच ज्ञानेशच्या मोबाईलवर आईला पेढा भरवतानाचा फोटो, खाली लिहिलेलं, 'आई म्हणजे देव'. म्हणजे स्वतःची आई देव, आणि समोरच्याची चघळायला.

या लोकांची एक गंमत सांगतो. आपण बोललो ते कॅमेऱ्याने ओठांवरून वाचू नये म्हणून ते तोंडावर ग्लोव्ह धरतात. शहाणे आहेत ना! आणि ग्लोव्ह धरून वाकतात कुठे? थेट माझ्या डोक्यावर. ज्याच्या पोटात माईक आहे, त्याच्यावर! त्यांना माहीत असायचं की चेंडू मेला, म्हणजे खेळ थांबला, की टीव्हीच्या गाडीत बसलेली निकिता माझा आवाज कमी करते. तेवढ्या भरवशावर हे शूरवीर शौर्य गाजवायचे. सामना संपला की गळाभेटी. "मैदानावरचं मैदानातच सोडायचं असतं," असं एकमेकांच्या पाठीवर थापा मारून म्हणायचे. 

आता मयूरचं सांगतो. मयूर गावित, तेवीस वर्षांचा, समोरच्या संघाचा फलंदाज. याच अंगणात तो लाकडाच्या फळकुटाने खेळायला शिकला. आई भागीबाई दरवर्षी हंगामात निफाडला द्राक्षबागेत कामाला जातात. घडातले जादा मणी कात्रीने काढून टाकायचं बारीक काम त्यांच्या बोटांना फार छान जमतं. मयूरची बॅट झकास, पण डोकं तापट. त्या वर्षी त्याला दोन लेखी ताकिदी मिळाल्या होत्या. एकदा त्याने शिवीला शिवी दिली होती, एकदा बॅट उगारली होती. अंपायरचे कानही अजब. पहिलं बोललेलं त्यांना कधी ऐकू येत नाही, उत्तर मात्र बरोबर ऐकू येतं. तिसरी ताकीद मिळाली की मयूर पुढचा पूर्ण हंगाम बाहेर बसणार होता. आणि राज्याच्या संघाचे निवडकर्ते त्याच हंगामात बघायला येणार होते.

हे ज्ञानेशला ठाऊक होतं. शेवटच्या सामन्याआधी खेळपट्टी बघायला तो माझ्याजवळ आला आणि त्याच्या कप्तानाला म्हणाला, "मयूरला आउट करायची गरजच नाय. त्याला नुसता पेटवायचा. तिसरी ताकीद, विषय कट." कप्तान हसला. मोठी योजना आखली होती, बघा. चेंडू टाकून जमत नाही म्हणून शिव्या टाकायच्या.

त्या दिवशी भागीबाई पहिल्यांदा सामना बघायला आल्या होत्या. बागेत एक दिवसाची सुट्टी सांगून, निफाडहून एसटीने. मांडीवर डबा ठेवून त्या पहिल्या रांगेत बसल्या. डब्यात नागलीची, म्हणजे नाचणीची भाकर आणि चटणी होती. मयूरने येताना त्यांच्याकडे पाहून बॅट हलवली, आणि ज्ञानेशने ते नेमकं टिपलं.

"आई आली वाटतं," तो माझ्या डोक्यावर वाकून म्हणाला. "बागेतून आली का? कोणाच्या बागेत असते रे? माझ्या मामाची बाग आहे तिकडे. विचारून बघतो मामाला, ओळखतो का."

आणि मग तो असं हसला की मला सालपट निघाल्यासारखं झालं. मयूरचा बूट माझ्यासमोरच्या मातीत रुतला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याने बॅट दोनदा आपटली आणि पुढचा चेंडू खेळला.

असं षटकामागून षटक चाललं. अंपायर मध्येच "चला रे, खेळा," एवढं म्हणायचे आणि टोपी नीट करायचे. मयूर खेळत राहिला. दात खाऊन, पण खेळत राहिला. सोळाव्या षटकात तो पुढे सरसावला आणि चेंडू चुकला. चेंडू सरळ ज्ञानेशकडे निघाला. साधा स्टंपिंगचा चान्स, शाळेतल्या पोरानेही सोडला नसता. पण ज्ञानेश तेव्हा भागीबाईंच्या डब्याविषयी काहीतरी बोलत होता. बोलता बोलता त्याने मोकळ्याच ग्लोव्हने आमच्या डोक्यावरच्या बेल्स उडवल्या आणि चेंडू मागे सुटला. मयूर परत आत आला. आता चूक कोणाची? ज्ञानेशने मला लाथ मारली. सहादूबाबांनी धावत येऊन मला पुन्हा सरळ ठोकलं आणि हळूच म्हणाले, "लय सोसतोय गड्या तू."

शेवटच्या षटकात चार धावा हव्या होत्या. मयूरने चेंडू उचलून प्रेक्षकांत टाकला आणि सामना संपला. जिंकणाऱ्याने स्टंप उपटून आठवण म्हणून न्यायचा, असा आमच्याकडे रिवाज आहे. मयूरने मला उपटलं आणि छातीशी धरलं. इतक्या प्रेमाने मला कोणी धरलं नव्हतं.

टीव्हीच्या गाडीत साहेब निकिताला म्हणाले होते, "जिंकल्यावर जल्लोष हवा, स्टंपचा आवाज चालूच ठेव." म्हणून तिने तो चालू ठेवला. तोच आवाज मैदानाच्या मोठ्या पडद्याच्या भोंग्यांवरही जात होता. ज्ञानेशला याचा पत्ता नव्हता. तो हसत आला, कॅमेऱ्यासमोर मयूरला मिठी मारली, रीतसर तोंडावर ग्लोव्ह धरला आणि बोलला. त्या दोघांच्या छात्यांमध्ये मी होतो.

"जिंकलास म्हणून काय झालं? उद्या तुझी आई परत बागेतच जाणार ना? रात्री थांबवून घ्यायला सांगतो मामाला."

शब्दन् शब्द भोंग्यांवरून पूर्ण मैदानात गेला. ढोल थांबले. निकिताने आवाज बंद केला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. मयूरची बोटं माझ्याभोवती आवळली. त्याने मला डोक्याच्या वर उचललं. मित्रांनो, तेव्हा माझ्या मनात काय आलं ते कबूल करतो. मला वाटलं, बसू दे. एकदा बसूच दे.

"मयूर!"

भागीबाई दोरी ओलांडून आत आल्या होत्या. रखवालदाराने त्यांना अडवलं नाही. हातात डबा तसाच होता.

"काठी खाली घे," त्या म्हणाल्या.  मी खाली आलो.

मग त्या ज्ञानेशसमोर उभ्या राहिल्या. त्याच्या खांद्यापर्यंतसुद्धा त्या पोचत नव्हत्या.

"मीच ती," त्या म्हणाल्या. "बघून घे बाबा. ज्या बाईचं तू बोलला, ती मी."

ज्ञानेशचा चेहरा उतरला. "मावशी, सॉरी," तो म्हणाला. "तसं मनात काही नसतं हो. मैदानावरचं असतं ते. मैदानातच सोडायचं असतं."

भागीबाईंनी आवाज चढवला नाही.

"मी तं मैदानात नव्हते बाबा," त्या म्हणाल्या. "मी तं तिकडं डबा घिऊन बसले होते. मला कशाला आत आणलं?"

 ज्या तोंडासाठी ज्ञानेशला संघात घेतलं होतं, ते त्याने ग्लोव्हने झाकलं आणि तो पाठ फिरवून निघून गेला.

पुढे त्याला दोन सामने बाहेर बसवलं. "जोश जास्त झाला," असं तो मुलाखतीत म्हणाला. जोश म्हणे! हे लोक सुधारतील, असा माझा भ्रम नाही. मयूरला तिसरी ताकीद मिळाली नाही. सध्या तो राज्याच्या संघाच्या सरावाला गेला आहे. जाताना त्याने मला इथे आणून दिलं. माईक काढून घेतला आहे, पोट रिकामं आहे, आणि फार हलकं वाटतं.

मित्रांनो, खूप खेळा. जिंकण्यासाठी जीव तोडून खेळा. आम्हाला चेंडूने खुशाल पाडा, त्यासाठीच आमचा जन्म आहे. पण खेळायला बावीस जणच आलेले असतात, त्यांच्या आया, बहिणी आलेल्या नसतात. त्यांना त्यांच्या जागी बसू द्या. त्या कोणासाठी तरी डबा घेऊन आलेल्या असतात.