देविकावहिनींना परत पाठवलं तो दिवस

मित्रांनो, पूर्व दिल्लीतल्या एका पोलीस चौकीतला मी जुना लाकडी बाक. फरीदाबादच्या एका सुताराने मला घडवलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बीस साल कहीं नहीं जाता." मला आता बावीस झाली. पाकीट हरवलेले विद्यार्थी, मेट्रोत फोन चोरीला गेलेले बाबू, पार्किंगवरून भांडलेले शेजारी, सगळे आधी माझ्यावर टेकले. "बैठिए, आराम से बताइए," असं कोणी त्यांना म्हटलं की मला अभिमान वाटे. माझ्यावर बसलेल्याचं इथे ऐकून घेतलं जातं, अशी माझी समजूत होती.

मागच्या फेब्रुवारीत ती समजूत मोडली.

भर दुपारी देविकावहिनी आल्या. चौकीप्रमुख अंशुमन साहेबांची बायको. डावं मनगट ओढणीत गुंडाळलेलं होतं. समोर हवालदार दिनकर बसले होते. दोन्ही घरं दिल्लीतली जुनी मराठी. दर होळीला दिनकर वहिनींच्या हातची पुरणपोळी खाऊन येत.

"दिनकरभाऊ, यांनी मारलं," वहिनी म्हणाल्या. "पहिल्यांदा नाही. मला तक्रार लिहायची आहे."

दिनकरांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वहिनी, साहेब तापट आहेत, पण मनाने वाईट नाहीत. ड्यूटीचं टेन्शन असतं. घरातलं घरात मिटवा ना."

"घरात मिटलं असतं तर मी इथे आले असते का?"

दिनकरांनी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि साहेबांना फोन लावला.

कडक इस्त्रीच्या वर्दीत साहेब हसत आले. "अरे यार, एवढ्याशा गोष्टीसाठी चौकी? चलो, घरी जाऊ." वहिनींनी माझी कड घट्ट धरली होती. एकेक करून त्यांची बोटं सुटली. त्या गेल्यावर कोणीतरी म्हणालं, "मियाँ-बीवी का मामला है," आणि बाकीचे हसले. दिनकर हसले नाहीत. न प्यायलेल्या चहावर साय धरली.

त्या दिवसापासून "बैठिए" हा शब्द कानी पडला की मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

तीन आठवड्यांनी वहिनी पुन्हा आल्या. जबडा सुजला होता, नीट बोलताही येत नव्हतं. सोबत आठ वर्षांची इशिता होती. साहेब त्या वेळी कोर्टात गेले होते. दिनकर उठून जवळ आले, तशी इशिता आईच्या पुढे उभी राहिली.

"काका, प्लीज, पप्पांना फोन करू नका."

दिनकर मटकन माझ्यावर बसले. मग त्यांनी महिला शिपाई सलोनीला हाक मारली. "कंप्लेंट लिखो."

सलोनी घाबरली. "अपने ही साहब के खिलाफ?"

"हाँ. और सबसे पहले ये लिखो कि ये तीन हफ़्ते पहले भी आई थीं, और मैंने इन्हें लौटा दिया था."

खाली त्यांनी स्वतः सही केली. मग दोघींना रिक्षात बसवून ते आधी दवाखान्यात आणि तिथून थेट वरिष्ठांच्या ऑफिसात गेले.

साहेबांचं पिस्तूल जमा झालं, ते निलंबित झाले. खटला अजून चालू आहे. वहिनी आणि इशिता मयूर विहारला मावशीकडे राहतात. दिनकरांचीही चौकशी झाली. "चूक माझी," एवढंच त्यांनी लिहून दिलं. काही सहकारी अजून त्यांच्याबरोबर चहा घेत नाहीत.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला तोंड नाही. पण तोंड असलेली चौकीतली पाच माणसं त्या पहिल्या दुपारी वहिनींच्या बाजूने बोलायच्या वेळी माझ्याइतकीच गप्प होती. त्या तीन आठवड्यांत वहिनींनी जे सोसलं, ते कोणत्याही चौकशीने पुसलं जाणार नाही. माझा रंग उडालाय, एक पाय हलतो. त्याची काळजी करू नका. माझ्यावर कोणी येऊन बसली, तर तिचं सगळं ऐकून घ्या. ती कोणाची बायको आहे, ते मागाहून विचारा.