मध्येच पुकारलेला नंबर

दवाखान्याच्या बाकांवर मुंगीला शिरायला जागा नव्हती, पण आवाज म्हणाल तर एकट्या नंबरबाबाचा. बाकी सगळे जीव मुठीत धरून भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होते. तो पडदा अधूनमधून रांग सोडून भलताच नंबर पुकारायचा, आणि असा मध्येच आत गेलेला माणूस कधीकधी चादरीखाली बाहेर यायचा. हे लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. बाबाला तेवढं भांडवल पुरलं.

“काळ यादी करतो, पडदा वाचतो,” बाबा डोळे मिटून सांगत होता. “नंबराची चिठ्ठी इकडे द्या. फुंकर मारून नवी काढून देतो, काळ चुकतो.” काळाला चकवणारा हा महापुरुष फुंकरीचे पैसे मात्र आधी घ्यायचा.

ज्या पोरीने रांगेचं ते सॉफ्टवेअर बनवलं होतं, ती तिथेच आईला धरून बसली होती. आईला सकाळपासून धाप लागलेली. सिस्टरने येऊन आईची नाडी बघितली, ओठ बघितले आणि ती टेबलाकडे गेली. लगेच पडद्यावर आईचा नंबर आला. निम्मी रांग अजून पुढे होती. पोरगी आईला उठवू लागली.

“मी नाही जायची,” आईने बाकाची कड धरली. “बाबांना चिठ्ठी दे.”

“अगं, ते मीच बनवलंय.”

“बनवलंस गं तू. आता त्यात काय शिरलंय, तुला काय ठाऊक?” एकेका शब्दाला आईला दम लागत होता.

“ताई, जिवाशी खेळ नको,” शेजारचे म्हणाले.

पोरीने वाद सोडला. नंबराच्या यंत्रातून एक नवी चिठ्ठी काढून बाबाच्या हातात कोंबली. “सिस्टर, या नंबरला तांबडं बटण दाबा.”

सिस्टरने दाबलं आणि पडद्याने बाबाच्या हातातला नंबर पुकारला. बाबा पांढराफटक पडला. “मला तर काहीच झालेलं नाही,” तो पुटपुटला.

“नाहीच झालेलं. ही यादी काळ करतच नाही,” पोरगी म्हणाली. “बटण सिस्टर दाबते. ज्याची तब्येत फार बिघडलेली, त्याचा नंबर पुढे येतो. आधी आत जातात तेच सगळ्यांत आजारी असतात, म्हणून त्यांच्यातले काही वाचत नाहीत. पडदा कुणाला मारत नाही.”

आईने तिच्याकडे पाहिलं. “म्हणजे माझं खरंच जास्त आहे?”

खोटं बोलावंसं वाटलं तिला. “हो आई. म्हणूनच मी घाबरलेय. चल.”

आई उठली.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. “धोका टळला. आणखी थोडा वेळ इथे बसल्या असत्या, तर माझ्या हातात काही उरलं नसतं.”

पोरगी भिंतीला टेकून रडली. मग डोळे पुसून बाकांकडे वळली. बाबाने केव्हाच पोबारा केला होता.

“नंबर पुढे का आला, ते आजपासून पडद्यावर लिहून येईल,” ती म्हणाली. “भीती वाटणारच, मलाही वाटली. पण फुंकरीत वेळ घालवू नका. शंका आली तर सिस्टरला विचारा, आणि आत जा.”

तेवढ्यात पडद्याने रांग सोडून एक नंबर पुकारला. कोपऱ्यातल्या बाईचा चेहरा भीतीने उतरला. तिने नवऱ्याच्या काखेत हात घातला आणि त्याला उठवलं.