पाळण्याचा चौथा बोल्ट

तुकडा करंगळीच्या पेराएवढाच होता — काळा, सहा बाजूंचा, एका टोकाला गुळगुळीत आणि दुसऱ्या टोकाला आरीपत्तीनं कापल्याची ताजी, खरखरीत चमक... सतरंजीच्या दशांत अडकून बाळाच्या उशीपासून वीतभर अंतरावर पडला होता. सुचितानं तो उचलला आणि मूठ मिटली. हिच्या घशात गेला असता तर — हा पहिला विचार. सव्वा महिन्याचं लेकरू स्वतःहून काही उचलून तोंडात घालत नाही हे तिला ठाऊक होतं, पण ठाऊक असल्यानं धडधड थांबते असं कुठं आहे? मग दुसरा विचार आला, आणि तो मात्र आला-गेला नाही, बसूनच राहिला : किल्ली कापली. पाळण्याच्या खोक्यात बोल्ट आवळायची एकच किल्ली आली होती आणि गोकुळनं ती कापली. म्हणजे आता पाळण्याचा एकही बोल्ट कुणाला हातानं आवळून पाहता येणार नाही.

गोकुळचा, तिच्या नवऱ्याचा, धंदाच जोडणीचा. डोणगावात आणि आसपासच्या खेड्यांत लोक आता मोबाइलवरून दिवाण मागवत, कपाटं मागवत, आंदणाची ड्रेसिंग टेबलं मागवत, आणि घरी येई एक चपटं खोकं — आत भुशाच्या दाबलेल्या फळ्या, पुड्यांत बोल्ट, आणि एक कागद, ज्यावर शब्द एकही नाही, नुसता गोल डोक्याचा माणूस हसत हसत फळ्या जोडतोय. तो कागद उलटासुलटा करून झाला की लोक गोकुळला फोन करत. लग्नसराईत किल्ली फिरवून फिरवून त्याच्या तळहाताला घट्टे पडले होते. भाकरी मोडताना अंगठा वळत नसे. म्हणून त्यानं ते यंत्र केलं. प्रत्येक खोक्यात काटकोनात वाकलेली, वेगळ्या मापाची किल्ली येते, तिचा आखूड पाय कापून टाकायचा आणि लांब पाय जुन्या ड्रिल मशीनला जोडायचा, पण थेट नाही — मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा, दोन्हीकडून तारेनं आवळलेला. बोल्ट घट्ट बसला की ट्यूब घसरते आणि फट् असा आवाज येतो. आवाज आला की पुढचा बोल्ट. अर्ध्या दिवसाचं काम चहा निवायच्या आत.

"इंजिनेर काय करन असं, सांग!" सकाळी तो म्हणाला होता. त्याच्या पोरीचा पाळणा, त्याच्याच यंत्रानं. चेहरा नुसता फुलला होता.

आणि तिनं त्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं... कसं पाहिलं होतं? चोराच्या पिशवीकडे पाहावं तसं. इतका आनंद कशाचा? मुलगी झाली तेव्हा फोनवर तो क्षणभर गप्प होता. नेटवर्क गेलं होतं, म्हणाला. सोनाळ्याला, तिच्या माहेरी, नेटवर्क जातंच, घराघरातलं जातं. तरी पण तो क्षण तिनं जपून ठेवला होता, कडेला, पुढे कधी तपासायला. काल सासरी परतल्यावर त्यानं बाळाला घेतलं ते दोन तळहातांवर, पाटीसारखं, छातीशी नाही. भीत असेल. भीतच असेल. पण मी का हे सगळं मोजत बसले आहे?

सकाळी त्यानं पाळणा जोडला तेव्हा ती आतल्या खोलीत बाळाला पाजत होती, पण कान बाहेर. टर्रर्र... फट्. टर्रर्र... फट्. झुलत्या पेटीच्या चार कोपऱ्यांना चार बोल्ट, सगळा भार त्यांच्यावर. चौथ्या वेळी टर्रर्र बराच वेळ झालं, जळक्या रबराचा वास आला, आणि मग बाळ रडलं; फट् झालंच नाही, की बाळाच्या रडण्यात ते ऐकू आलं नाही, हे तिला आता काही केल्या आठवेना. एवढं मात्र तिच्या डोक्यात तेव्हाच आलं होतं — बीएस्सीची दोन वर्षं अगदीच वाया गेली नव्हती — की रबर तापलं की मऊ पडतं, आणि मऊ रबर लवकर घसरतं. वैशाखाचं ऊन, पत्र्याचं छप्पर. मग तो फट् बोल्ट बसल्याचा कशावरून? रबर थकल्याचाही असेल. हे त्याला सांगावं असं वाटलं होतं, पण तो यंत्र पिशवीत घालून जानेफळला कुणाचा तरी दिवाण जोडायला निघूनही गेला. बारशाच्या वेळेपर्यंत येतो, म्हणाला.

माहेरी बाळ झोळीत झोपे. आईच्या जुन्या लुगड्याची झोळी, आढ्याला बांधलेली. गाठ डोळ्यांना दिसते. ओढून पाहता येते. बोल्टाचं तसं नाही, तो फळीच्या आत जातो आणि आत काय झालं ते आतच राहतं... काही माणसांसारखं.

ती उठली आणि पाळण्याच्या कडेला हात लावला.

"हालवू नोको वं माय!" स्वयंपाकघरातून सासूबाईंचा, शालूबाईंचा आवाज आला. त्या बारशाच्या घुगऱ्या निवडत होत्या, समोर शेजारच्या छायाकाकू. "रिकामा पायना हालवत नाईत. लेकराचं पोट दुखते."

"मजबूत हाय का नाई ते पाहते फक्त, आत्याबाई."

"गोकुयनं जोडला, त्याच्यात काय पाह्याचं? आख्ख्या गावाचे दिवाण त्यानंच जोडले. आजवर एखादी नवरी पडली काय?"

"पडली असंन तरी सांगन कोन, मामी!" छायाकाकू म्हणाल्या, आणि दोघी इतक्या हसल्या की परातीतले हरभरे घरंगळले.

सुचिताही हसली, हसायला हवं म्हणून. हात मात्र मागे घेतला. बीएस्सी असो की काही असो, रिकामा पाळणा हलवायचं धाडस तिला झालं नाही. कारण मग आज बाळाचं पोट खरंच दुखलं तर? ती बाकी सगळ्यांवर संशय घेईल, पण त्या एका पोटदुखीचा दोष स्वतःच्या हातावर घ्यायची तिची तयारी नव्हती.

देवळीखाली वरवंटा धुऊन, हळद-कुंकू लावून ठेवला होता. बारशाला बाळाच्या आधी तोच पाळण्यात जातो. मग आत्ताच घातला तर? पाळणा रिकामा राहत नाही, कुणाचं काही मोडत नाही. तिनं तो दोन्ही हातांनी आणून गादीवर ठेवला, आणि पेटीला हलका झोका दिला.

टिक्.

पुन्हा झोका. टिक्. कोपऱ्यातून आला की दगडातून? वरवंटा गादीच्या कडेला घरंगळून फळीला लागत होता, तोच वाजत असेल. तिनं तो टॉवेलात गुंडाळला. आता टिक् नाही. पण टॉवेलानं दगडाचा आवाज झाकला की कोपऱ्याचा? आणि वरवंटा आपल्या लेकीपेक्षा हलका आहे हे उचलतानाच हाताला कळलं होतं, तेव्हा त्याला पेललं म्हणून हिला पेलेल असं काही नाही. म्हणजे केलेलं सगळं फुकट. शंका होती तिथंच, वर वरवंट्याचं कुंकू टॉवेलाला.

मुठीत तो तुकडा अजून होता. घामानं ओला.

मग जे सुचलं ते इतकं सोपं होतं की तिला क्षणभर गोकुळच्या सकाळच्या चेहऱ्याचा अर्थ कळल्यासारखं झालं. ती स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, आणि येताना ओट्यावरची सांडशी पदराआड घेऊन आली. सांडशीच्या जबड्यात तुकडा आडवा धरला, तो सटकला. त्यावर बाळाच्या जुन्या लंगोटाची चिंधी गुंडाळली, पुन्हा धरला, दांड्यांना रबरबँड घातला. झालं. त्याचं यंत्र वाजणारं, माझं मुकं. पहिल्या बोल्टाच्या खाचेत तुकडा बसवला आणि सावकाश दाबलं. हलला नाही. दुसरा, नाही. तिसराही दगडासारखा. प्रत्येक वेळी तिला हायसं वाटायला हवं होतं, आणि प्रत्येक वेळी कुठंतरी आत, अगदी खाली, थोडी निराशा होत होती... ही निराशा कसली, हे तिला पाहायचं नव्हतं.

चौथा, खिडकीकडचा, फिरला.

पाव आट्याएवढा फिरला आणि थांबला. सैल होता तर! तिच्या अंगातून एक ऊब सरकत गेली. मी म्हटलं नव्हतं? बोलले नसले तरी म्हटलं होतं, सकाळपासून मनात तेच चाललं होतं, आणि हे पाहा — जळका वास खरा, न आलेला फट् खरा, त्याची घाई खरी, मग तो फोनवरचा क्षणही... बोल्ट आता घट्ट बसला होता. सांडशी काढून घ्यायची एवढंच बाकी होतं. पण आपण बरोबर होतो या सुखात हात थांबेना. अजून थोडं, खात्रीला म्हणून अजून थोडं, असं म्हणत तिनं दाबलं, आणि आत काहीतरी मऊपणे सुटलं.

आवाज नाही. फक्त हाताला कळलं. पिकलेल्या फळातून बी सुटावं तसं. त्यानंतर बोल्ट फिरत राहिला, ना घट्ट ना सैल.

आत भुसाच आहे, शेवटी. भुशाला किती आवळायचं ते कोण सांगणार?

तिनं सांडशी बाजूला ठेवली, पेटीचा कोपरा वर उचलून पाहिला. फट दिसत नव्हती. बाहेरून सगळं होतं तसंच. त्याचाच बोल्ट आधीपासून आतून सुटलेला असेल आणि मी फक्त पाहिलं असेल... की धरून होता आणि मी सोडवला? या दोन्हींतला फरक फळीच्या आत होता, आणि तिथं बघता येत नव्हतं. सकाळपासून तिला दुसऱ्याच्या हातावर शंका घ्यायची सवय झाली होती. आता शंका फिरून तिच्याच मनगटाशी येऊन बसली, तर तिला काय करायचं तेच सुचेना. तिनं आधी वरवंटा देवळीखाली परत ठेवला, सांडशी धुतली.

बायका आल्या. आत्या म्हणून राखी आली, गोकुळची बहीण, नवीन साडीत आणि आधीच पाठ चोरत, कारण नाव ठेवल्यावर धपाटे तिलाच. गोकुळही आला, उन्हानं लाल झालेला, आल्या आल्या सुचिताच्या कानाशी म्हणाला, "काऊन वं, तोंड काऊन उतरलं?"

आता सांगावं. चौथा पाहा एकदा, एवढंच. पण मग तो विचारेल, तुला कसं कळलं. आणि किल्ली तर नाही, मग कशानं फिरवला. आणि सगळ्या बायका ऐकत असतील, आणि सासूबाई म्हणतील, सून आल्या आल्या पायन्याले हात घालते...

"उकडते," ती म्हणाली.

वरवंटा पाळण्याखालून गेला, वरून आला, हातोहात फिरला, हसणं झालं. तो पाळण्यातून बाहेर निघाला आणि सगळ्यांनी सुचिताकडे पाहिलं. बाळ तिच्या हातात झोपलं होतं, तोंड किंचित उघडं. ती वाकली. बाळाला गादीवर ठेवलं, पण एक हात गादीखाली सारला, तळहात वर करून, फळी आणि बाळ यांच्यामध्ये, आणि तो तिथंच राहू दिला.

"सोड ना वं आता," राखी म्हणाली. "मले कानात सांगू दे."

"सांगा ना, वन्सं."

"हात काढ की. काय पयून चालली काय थे?"

बायका हसल्या. सुचितानं वर पाहिलं. गोकुळ पायथ्याशी मोबाइल धरून उभा होता, शूटिंग करत. मोबाइलनं अर्धा चेहरा झाकला होता, पण उरलेला एक डोळा पडद्याकडे नव्हता, बाळाकडेही नव्हता. तो खिडकीकडच्या कोपऱ्याकडे होता. की खिडकीकडे? की उजेड बघत होता, शूटिंगसाठी? तिच्या मनात आलं — सकाळी, त्या लांबलेल्या टर्रर्रनंतर, यालाही हाताला तेच कळलं असेल? तेच मऊ सुटणं? आणि आत मी पाजत होते, दारात बारसं होतं, म्हणून हाही गप्प बसला असेल, मी बसले तसाच... माझ्यासाठी, की स्वतःसाठी? हे त्याला विचारायचं तर आधी आपलं सांगावं लागेल. ती त्याच्याकडे पाहत राहिली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिला त्याचा राग येत नव्हता. त्याच्या जवळ जाऊन उभं राहावंसं वाटत होतं, आणि त्याचीच भीती वाटत होती, कारण आता तो जेवढा कळत नव्हता तेवढाच तो आपल्यासारखा होता.

राखीनं वाकून कानात नाव सांगितलं. बाळानं झोपेतच पाय झाडला, आणि तळहातावरचा तो भार, इतका थोडा, इकडून तिकडे सरकला. सुचितानं बोटं आणखी पसरली.