पुरात जायचं घर

लग्नापासून कोल्हापुरात भाड्याच्या खोल्या बदलून पवित्राचा जीव मेटाकुटीला आला होता. त्यामुळं धोंडुबाईंनी विकायला काढलेलं घर तिला बघताक्षणी आवडलं, यात तिची काय चूक? दोन खोल्या, मागं परडं. पंचगंगा मात्र गल्लीच्या टोकाला. नवरा मृत्युंजय भिंतींना नाक लावून ओल हुंगत फिरत होता. स्वस्त मिळतंय म्हटलं की माणसाला आधी संशय येतो.

"पाणी कुठवर येतं, मावशी?" पवित्रानं विचारलं.

धोंडुबाईंनी सरळ छातीवर हात टेकला. "एकोणीस साली हितवर. पण त्येचं काय न्हाय गं. दारात पाणी आलं की आमी त्येची ओटी भरतो, कडी लावतो आन् वर जातो. तुमचं वर कोण हाय?"

वर म्हणजे उंचावर. या गल्लीत प्रत्येकाचं पुरात जायचं घर ठरलेलं असतं. सोयरीक जुळवतानासुद्धा ते बघतात.

"तुमचं कोण होतं?"

"भाऊ. औंदा गेला. भाचा म्हणतोय, जागा न्हाय." म्हातारीनं दाराच्या कडीवरून हात फिरवला. "पाण्याला भिऊन इकत न्हाय, पोरी. जायाला घर ऱ्हायलं न्हाय, म्हनून इकतीय. वरच्या अंगाला भाड्यानं एक खोली बघितलीय."

पवित्राचा भाऊ प्रभुलिंग गडमुडशिंगीच्या उंच माळावर राहायचा. पण माहेरी दिवाळीला जाणं वेगळं आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूला घेऊन पुरात जाणं वेगळं. तिनं तिथंच फोन लावला आणि लाज गिळून विचारलं.

"हिला इचारून सांगतो," भाऊ म्हणाला.

पवित्राचं तोंड एवढंसं झालं. गेलं घर हातचं! तेवढ्यात फोनातून वहिनी कडाडली. "इचारतायसा काय त्यात? सासूबाईस्नी घिऊन या म्हणावं! त्यांची खाट आमच्या खोलीत टाकू, आपुन भाईर सोप्यात झोपू की!"

शब्द अन् शब्द सगळ्यांना ऐकू आला. मृत्युंजय हसला, "घेऊया घर," म्हणाला. पवित्राला रडू आवरेना.

"कोण गं ती?" धोंडुबाईंनी विचारलं.

"वहिनी."

"नशीब काढलंस," म्हातारी म्हणाली, आणि भाच्याच्या घराच्या दिशेनं बघत राहिली.