नवव्या आठवड्यातला डब्ल्यू

कोरिन थिबोडोने गुणपत्रिका फिरवून समोरच्या मुलीकडे सरकवली आणि विषय मध्येच सोडल्याची खूण असलेल्या एका अक्षरावर पेन्सिलीचं टोक टेकवलं.

"हा पहिला डब्ल्यू. पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र. मध्येच का सोडलंस?"

"नापास होत होते," डीलिया मार्श म्हणाली. "पुढच्या वर्षी पुन्हा घेतलं. बी प्लस मिळाला."

पेन्सिल खाली सरकली.

"आणि हा? गेल्या ऑक्टोबरातला. शरीररचनाशास्त्र."

डीलियाने खिडकीबाहेर पाहिलं. मार्च अर्धा सरला होता तरी पार्किंगच्या कडेचे बर्फाचे ढीग काळे पडून तसेच उभे होते.

"वैयक्तिक कारण होतं."

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या लहानशा कॉलेजात कोरिन एकोणीस वर्षं हेच काम करत होती. वैद्यकीयला अर्ज करणाऱ्या प्रत्येक मुलामागे कॉलेजचं एक पत्र जायचं, आणि ते ती लिहायची. एखादा विषय सोडल्याचं कुणी मनावर घेत नाही, हे तिला पाठ होतं. दोन सोडले की निवड समितीतलं कुणीतरी चष्मा वर करतं आणि कारण विचारतं. कारण मिळालं नाही तर ते स्वतःच एक ठरवून टाकतात, आणि ते कधीच अर्जदाराच्या बाजूचं नसतं.

"वैयक्तिक म्हणजे काय? आजारपण? घरचं काही?"

"तसंच काहीतरी."

"मग त्याच सहामाहीत बाकीच्या चारही विषयांत ए कसे गं मिळाले?"

कोरिनने पेन्सिल खाली ठेवली. आदल्याच दिवशी तिने शरीररचना शिकवणाऱ्या हॉवर्ड लिंडला गाठलं होतं. विषय सोडला त्या दिवशी डीलियाला शंभरापैकी चौऱ्याण्णव गुण होते. नापास व्हायच्या भीतीने पळ काढणारी पोरं कोरिनने ढिगाने पाहिली होती. चौऱ्याण्णव गुणांवर उठून जाणारी ही पहिलीच.

आणि तो आठवडा सहामाहीचा नेमका नववा होता. शवविच्छेदनाच्या खोलीत कुणीतरी फोनवर फोटो काढला होता तो आठवडा. देहदान केलेल्या माणसाचा फोटो. तासभर तो मुलांच्या फोनवरून फिरला आणि मग पुसला गेला. चौकशी झाली, पण कुणी सापडलं नाही. ते बुधवारी घडलं आणि शुक्रवारी डीलियाने विषय सोडला. कोरिनला यात योगायोग दिसत नव्हता.

सहा वर्षांपूर्वी असाच एक गोड बोलणारा मुलगा तिच्यासमोर बसला होता. त्याच्या वर्तनाची हमी तिने सही करून दिली, आणि पुढे त्याच्या प्रयोगवहीतले आकडे बनावट निघाले. तेव्हापासून तिच्या पत्रांवर सही व्हायला वेळ लागायचा.

"मी स्पष्टच विचारते," ती म्हणाली. "तो फोटो तू काढलास?"

डीलियाचा चेहरा लालबुंद झाला.

"तुम्हाला तसं वाटतंय?"

"वाटतंय. आणि समितीलाही काहीतरी वाटणारच आहे. मी काय लिहू, ते तू सांग."

मुलीने उठून कोट उचलला. दारापर्यंत गेली, हात कडीवर ठेवून उभी राहिली, आणि परत येऊन कोट मांडीवर घेऊन बसली.

"मी सांगितलं तर ते लिंड सरांना सांगायचं नाही."

"असं वचन मी देत नाही."

"मग निदान ऐकून घ्या." तिने कोटाचं बटण पिळायला सुरुवात केली. "आठ आठवडे चेहरा आणि हात गुंडाळलेले असतात. नवव्यात आमच्या टेबलावरच्या देहाचे हात उघडले. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नव्हती. करवतीने गेलेली. जखम कुठे वेडीवाकडी भरलीय, ते मला न बघता सांगता आलं असतं."

कोरिनने गुणपत्रिका बाजूला सारली.

"ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. सख्खे नव्हते, पण मी पेपेच म्हणायचे. आजोबाच ते. लाकडाच्या गिरणीत चाळीस वर्षं काढली त्यांनी. त्यांच्या ट्रकवर मी गाडी शिकले. शेवटी पायाच्या जखमेची पट्टी मीच बदलायचे. देहदानाच्या कागदांवर सही केली तेव्हा म्हणाले, 'शाळा आठवीत सुटली माझी. आता मेल्यावर थेट कॉलेजात जातो की नाही बघ.'" तिला हसू आलं आणि तिने ते गिळलं. "दूरच्या कुठल्या मोठ्या ठिकाणी नेतील असं वाटलं होतं मला."

"मग लिंडना का नाही सांगितलंस? ओळखीचं कुणी निघालं तर कळवायचं, असा नियमच आहे."

"आहे ना. कळवलं की ते टेबल बंद. देह परत पाठवतात आणि जाळून टाकतात. मे महिन्यापर्यंत शिकवायला आलेत ते, आणि मी त्यांना नवव्या आठवड्यात घालवू?" तिच्या हातातलं बटण तुटलं. "दोघांपैकी एकाला बाहेर पडायलाच लागणार होतं. मी पडले."

ती गेल्यावर कोरिनने गुणपत्रिका पुन्हा समोर ओढली. गोष्ट चांगली होती. फार चांगली होती, हेच तिला खुपत होतं. देहदान करणाऱ्यांची नावं गुप्त असतात, त्यामुळे कुणी पडताळणार नाही, हे हुशार मुलीला ठाऊक असणारच. नाव नसलं म्हणून काय झालं, हात तर होता. एका प्रश्नात निकाल लागला असता.

तिने फोन उचलून आकडे दाबले.

"लिंड." मागे नळाचा आणि स्टीलच्या भांड्यांचा आवाज होता. मुलं काहीतरी विचारत होती.

"हॉवर्ड, कोरिन बोलतेय. तुझ्या त्या टेबलांबद्दल..."

"हां, बोल ना. काय टेबलांबद्दल?"

बोटांबद्दल विचारलं, की का विचारतेस हे तो विचारणार. नियमाने वागणारा माणूस तो. उत्तर 'हो' आलं, तर संध्याकाळच्या आत ते टेबल रिकामं झालं असतं.

"कोरिन? आहेस ना?"

"आहे. मुलं शिकताहेत का नीट?"

"हा काय प्रश्न झाला? शिकताहेत. आत्ता मान वर करायला फुरसत नाहीये त्यांना. काही काम होतं का?"

"नाही," ती म्हणाली. "असू दे."

फोन ठेवून तिने पत्र समोर घेतलं. शरीररचनाशास्त्र सोडण्यामागचं कारण अर्जदाराने मला सांगितलं आहे, असं तिने लिहिलं. वाचलं आणि खोडलं. ते कारण मला पटलं आहे, असं लिहिलं, आणि तेही खोडलं. मग जरा सरसावून बसली आणि लिहिलं, ते कारण मला ठाऊक आहे; ते सांगता येत नाही, आणि मुलाखतीत तिला ते कुणी विचारू नये अशी माझी विनंती आहे.

खाली तिने पूर्ण नाव लिहून सही केली.