अण्णाजीची शिट्टी

अल्लीपुरात अण्णाजीच्या घरी सकाळीच भांडण पेटलं. नऊ दिवसांचा नातू तव्यासारखा तापला होता, आणि ताप कशाचा यावर घरात दोन पक्ष पडले होते.

"नजर हाय," मनकर्णाबाई म्हणाली. "काल जिजाबाई पाहून गेली. काय गोरं हाय लेकरू, म्हणे."

"तुही गोधडी हाय," अण्णाजी म्हणाला. "एवढ्या उकाड्यात तीन गोधड्यांत गुंडाळलं त्याले. असा तं आंबा पिकवते मानूस."

गोधड्या काढल्या, मीठ-मिरच्या ओवाळल्या. ताप हटेना. लेकरानं दूध पिणंही सोडलं, तेव्हा त्याच्या बापानं, सचिननं, दोन्ही पक्षांना गाडीत कोंबलं आणि वर्ध्याचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईनं तिथल्या तिथं भरती करून घेतलं. "एवढ्याशा जिवाचा ताप म्हणजे खेळ नाही. लघवी तपासायची आहे. लंगोटातली चालणार नाही, धार थेट डब्बीत धरा."

सचिन औषधं आणायला पळाला. बाळंतीण वर्षाली, तिचे टाके ओले. डब्बी आली अण्णाजीच्या हातात.

पहिल्यांदा लेकरू मुतलं तेव्हा अण्णाजी झाकण उघडत होता. दुसऱ्यांदा मनकर्णाबाई सल्ला देत होती, म्हणून त्यानं मान वळवली, आणि धार सरळ मिशीत गेली.

"डब्बी कोरडी अन् तुमी वले," ती म्हणाली.

तेवढ्यात नर्सबाई येऊन म्हणाली, "आता नाही झालं, तर नळी घालावी लागेल."

अण्णाजीनं त्या करंगळीएवढ्या पायांकडं पाहिलं. नळी, एवढ्याशाला? आणि त्याला आपले बैल आठवले. औताला जुंपण्याआधी तो बैलाजवळ उभा राहून बारीक, लांब शिट्टी वाजवी. बैल मुतून मोकळा झाल्याशिवाय तो थांबत नसे.

त्यानं डब्बी धरली आणि शिट्टी वाजवली.

"दवाखान्यात शिट्ट्या कायले मारून राह्यले? लाज हाय का नाई?" मनकर्णाबाई म्हणाली.

"चूप राह्य. काम करून राह्यलो मी."

लेकराची बोटं आखडली, भुवया वर गेल्या, आणि डब्बी भरली. शेजारच्या पाळण्यातली पोरगी ओली झाली, मग तिच्या पलीकडची. दारावरचा चौकीदार हिरालाल काठी भिंतीला टेकवून लगबगीनं कुठंतरी गेला.

दोष लघवीतच निघाला. नेमकं औषध लागू पडलं. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि लेकरू आईला असं बिलगलं, की वर्षाली हसता हसता रडली. अण्णाजी व्हरांड्यात जाऊन दुपट्ट्यात तोंड लपवून उभा राहिला. मनकर्णाबाईनं विचारलं, तर म्हणाला, "डोयात फिनाईल गेलं."

दहाव्या दिवशी सुट्टी झाली. सामान गाडीत, लेकरू गाडीत, अण्णाजीचा पत्ता नाही. सचिन शोधत वॉर्डात आला, तर बाप सात नंबरच्या पाळण्याशी वाकून शिट्टी वाजवतोय आणि मागं तीन बाया डब्ब्या घेऊन उभ्या.

"आई, बाबाले सांग ना. गाडीवाला कावून राह्यला."

मनकर्णाबाई दाराशी स्टूल टाकून बसली होती. "कावू दे त्याले," ती म्हणाली, आणि बायांकडं वळली. "मांगं सरा वं जराशा. मानसाले दम तं खाऊ द्या."